अवधूतला मराठी येत नाही

आमच्या राष्ट्रीय बेसबॉल लीगच्या वेबसाइटवर प्रत्येक सीझनचं एक पान असतं. यंदाच्या पानावर पर्थ क्वोकाजचा फोटो आहे. सगळे एकमेकांच्या अंगावर आडवेतिडवे पडलेले, आणि खाली लिहिलंय की निर्णायक सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये अवधूतच्या होमरनने पर्थला विजेतेपद मिळवून दिलं. त्यात खोटं काही नाही. फक्त ते विजेतेपद आदल्या संध्याकाळी सिडनीतल्या कॅसल हिलमध्ये, माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्याच हातची आमटी ओरपत मिळवलं गेलं, एवढं लिहायचं राहिलंय. तेवढं मी सांगते.

मी लीना. आठवडाभर एका इन्शुरन्स कंपनीत काम करते आणि शनिवारी मराठी शाळा चालवते. शाळा म्हणजे एका प्रायमरी स्कूलचा हॉल, थोड्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आईबापांनी ओढून आणलेली पोरं. पोरांना सोडून आईबाप कॉफी प्यायला पळतात आणि दोन तासांनी येऊन मलाच विचारतात, अजून बोलत कसा नाही? घरी तुम्ही बोलता का, असं मी विचारलं की त्यांना गाडी चुकीच्या जागी लावल्याचं आठवतं.

माझा स्वतःचा मुलगा वेद मात्र बोलतो. मी बोलायला लावलंच त्याला, नाहीतर जेवायला मिळालं नसतं. तो आता तिशी ओलांडलेला आहे, फिजिओ आहे, सोमवार ते शुक्रवार लोकांचे गुडघे दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवार स्वतःचे बिघडवतो. कारण तो हिल्स कॉकाटूजचा कॅचर आहे. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक समजा, फक्त सगळा सामना उकिडवं बसून काढायचा. कॉकाटूज हा क्लब आजवर एकदाही लीग जिंकलेला नाही. यंदा जिंकायचं आणि मग मास्क खुंटीला टांगायचा, असं वेदने सीझन सुरू होण्याआधीच आम्हाला सांगून टाकलं होतं. गुडघे यापुढे ऐकणार नव्हते.

आता अवधूत. हा माझ्या मैत्रिणीचा, वीणाचा मुलगा. आम्ही दोघी या देशात एकाच वर्षी आलो, एकाच भाड्याच्या बिल्डिंगमध्ये राहिलो, एकमेकींची पोरं एकमेकींनी आंघोळ घालून मोठी केली. पुढे तिच्या नवऱ्याला, राजीवला, पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरी लागली. अवधूत तेव्हा आठवीत होता आणि इथल्या प्रवेशपरीक्षेच्या सिलेक्टिव्ह शाळेत रडतखडत नंबर लागलेला. ती शाळा सोडून त्याला वाळवंटात कुठे न्यायचा? मीच म्हटलं, राहू दे माझ्याकडे. शाळा संपेपर्यंत तो आमच्याकडे राहिला. वेदच्याच खोलीत दुसरा पलंग टाकला. वेदनेच त्याला बेसबॉलला नेलं, स्वतःचा जुना ग्लव्ह दिला, मागच्या अंगणात अंधार पडेस्तोवर त्याच्याकडे चेंडू फेकले. दोन डबे, दोन गणवेश, दोन पोरं. कुणी विचारलं तर मी दोन मुलं आहेत असंच सांगायचे.

फक्त हा दुसरा मराठी बोलायचा नाही. "मावशी" एवढा एक शब्द, पुढचं सगळं इंग्रजीत. मी लाडाने सांगितलं, रागावून सांगितलं, शनिवारी वर्गात पहिल्या रांगेत बसवलं. तो खिडकीबाहेर बघत बसायचा. जेवायला ये, दिवा घालव, पाणी दे, एवढं त्याला कळायचं, पण तेवढं शेजारच्यांच्या कुत्र्यालाही आमच्याकडे राहून कळायला लागलं होतं. शेवटी मी वीणाला फोनवर सांगितलं, तुझ्या लेकाला मराठी येत नाही आणि येणारही नाही, मी हात टेकले. दोघींनी सुस्कारे सोडले आणि विषय संपला. त्यानंतर आमच्या घराची एक सवय होऊन बसली. आपले लोक पोरांपासून काही लपवायचं असलं की इंग्रजीत शिरतात. आम्ही उलट करायचो. अवधूत समोर असला आणि त्याला कळू द्यायचं नसलं की मराठीत बोलायचो, जरा भरभर.

शाळा संपल्यावर तो आईवडिलांच्या जवळ म्हणून पर्थला युनीला गेला आणि तिथल्याच क्लबमधून खेळायला लागला. सिडनीत सामना असला की आमच्याकडे जेवायला यायचा. मी त्याला ओरडून चिअर करायचे आणि माझा नवरा विलास मला कोपराने ढोसायचा, अगं तो विरुद्ध बाजूला आहे.

यंदाचा सीझन आमच्यासाठी वेगळा ठरला तो निनादमुळे. निनाद मूळचा जळगावचा. तिकडे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला, मास्टर्स करायला सिडनीत आला, कायमच्या रहिवासाचा पीआर घेतला आणि कॉकाटूजचा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, झाला. म्हणजे पिचर मराठी आणि कॅचरही मराठी. असं या लीगमध्ये पूर्वी झालं नसणार.

बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू कसला टाकायचा हे कॅचर पिचरला बोटांनी खुणावतो. जोरात टाक, हळू टाक, आत, बाहेर. बॅटरची पाठ कॅचरकडे असते, त्याला बोटं दिसत नाहीत. पण विरुद्ध संघाचा एखादा खेळाडू धावत दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या टप्प्यावर, पोचलेला असला की तो समोरच उभा राहून सगळं बघतो आणि बॅटरला इशारा करतो. यावर सगळ्या जगाने नाना उपाय शोधलेत. आमच्या दोघांनी सरळ तोंडाने मराठी बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या बेसवर कुणी असला की वेद मास्कमधून ओरडायचा, "निन्या, जोरात येऊ दे, छातीवर." समोरचा बॅटर अमेरिकन नाहीतर जपानी नाहीतर ॲडलेडचा. ऐकून घे बाबा हवं तेवढं.

एकच शब्द पुन्हापुन्हा वापरला तर कुणी ओळखेल म्हणून वेद शब्द बदलत राहायचा आणि शब्द पुरवायचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसात फोन यायचा, "आई, जोरातला अजून काय म्हणतात?" मी कीबोर्ड सोडून सांगायचे, सुसाट म्हण, दणकून म्हण, हाण म्हण. इतकी वर्षं पोरांच्या मागे लागून जी भाषा मी शिकवली ती कुणाला तरी जिंकायला उपयोगी पडत होती. शनिवारच्या वर्गातली पोरं सामन्यांना यायला लागली आणि कुंपणाला नाक लावून वेद काय म्हणतोय ते ऐकायला लागली. मला आयुष्यात कधी नव्हे एवढा माज आला होता. तो सीझन संपूच नये असं वाटायचं.

कॉकाटूज फायनलला पोचले आणि समोर पर्थ आलं. तीन सामन्यांची फायनल. पहिला त्यांनी त्यांच्या घरी जिंकला, दुसरा शनिवारी दुपारी आम्ही इथे जिंकला, तिसरा रविवारी इथेच, फक्त नाणेफेकीने शेवटची बॅटिंग त्यांच्याकडे गेली होती. शनिवारी संध्याकाळी अवधूत हॉटेलातून मेट्रोने आमच्याकडे जेवायला आला. फायनल असली म्हणून काय झालं, घर ते घर. मी चिंचगुळाची आमटी केली होती, त्याला आवडते म्हणून. आल्याआल्या त्याने मला उचलून गोल फिरवलं आणि म्हणाला, "स्मेल्स अनरिअल, मावशी." विलासने बिअर उघडल्या. उद्या कोण जिंकणार यावरून दोघा पोरांनी एकमेकांची यथेच्छ टिंगल केली.

वेद टेबलाशी बसताना त्याचा चेहरा कसनुसा झाला. मी काय झालं विचारलं. त्याने मीठ मागावं तशा सुरात, मराठीत सांगितलं.

"गुडघा गेलाय, आई. खाली बसता येतं, पण उठून दुसऱ्या बेसला फेकायला गेलं की पाय धरत नाही. उद्या कुणी पळालं तर मी त्याला अडवू शकणार नाही."

"कोचला सांगितलंस?"

"सांगितलं तर तो मला बसवेल. एवढा एकच सामना राहिलाय गं. पर्थवाले तसेही कधी पळत नाहीत. निभेल."

अवधूत भातात आमटी कालवत होता. त्याने मान वर करून विचारलं, "एनी मोअर ऑफ दॅट पिकल?" मी बरणी त्याच्यापुढे सरकवली आणि वेदला म्हटलं की हे तुला आणि मलाच माहीत, बाबांनाही सांगू नकोस, ते क्लबमध्ये कुणाशी तरी बोलून बसतील. विलास तेव्हा अंगणात कबाबचं बघत होता. मग वेदने उद्यासाठी हळू चेंडूचा नवा शब्द मागितला. हळू झालं, सावकाश झालं, आस्ते झालं. मी म्हटलं, निवांत म्हण. वेदला तो शब्द फार आवडला. दोनतीनदा म्हणून बघितला त्याने.

"व्हॉट आर यू टू ऑन अबाउट?" अवधूतने हसत विचारलं.

आई मला रेस्ट घे म्हणतेय, असं वेदने त्याला इंग्रजीत सांगितलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. अवधूतला फसवल्यासारखं वाटून मला जरा वाईटही वाटलं. मी त्याला अजून भात वाढला.

रविवारी दुपारी उन्हाने मैदान भाजून निघत होतं. मी नेहमीच्या जागी, कॅचरच्या बरोबर मागे, जाळीला लागून बसले होते. तिथून वेदचा शब्द न् शब्द ऐकू येतो. पहिल्याच इनिंगमध्ये पर्थचा एक जण पहिल्या बेसवर पोचला आणि पुढच्याच चेंडूला, निनाद तो टाकत असतानाच, बेधडक दुसऱ्या बेसकडे पळाला. वेदने उठून फेकलं, पण चेंडू टप्पा खात उशिरा पोचला. त्यानंतर जो कुणी पहिल्या बेसवर आला तो पळालाच. माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा, जो दर सामन्याला असतो, तो सगळ्यांना विचारत होता की हे लोक सीझनभर जागचे हलले नाहीत, आज यांच्या अंगात काय संचारलंय? मी विलासला हळूच गुडघ्याचं सांगून टाकलं. तो म्हणाला, काल वेद लंगडताना दिसला असेल त्यांना. मलाही ते पटलं. दुसरं काही पटायला मनात जागाच नव्हती.

तरीही आमचा संघ टिकून राहिला. निनाद असा टाकत होता की बघत राहावं. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रनने पुढे होतो आणि पर्थचे दोन जण बाद झाले होते. एक बाद झाला की संपलं, वेदच्या गळ्यात मेडल. त्यांचा एक खेळाडू पहिल्या बेसवर होता. तो अर्थातच पळाला आणि दुसऱ्यावर जाऊन उभा राहिला. बोटांच्या खुणा बंद झाल्या. बॅटिंगला अवधूत आला.

"निन्या, सुसाट. आत घे," वेद ओरडला. निनादचा हात पूर्ण फिरायच्या आधीच अवधूतचा पुढचा पाय पडला होता. चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन माझ्या समोरच्या जाळीवर आदळला. मला काहीतरी खटकलं. निनादच्या जोराच्या चेंडूला सगळा दिवस बाकीचे उशिरा पोचत होते आणि हा लवकर पोचला होता. एक विचार डोक्यात आला आणि मी स्वतःलाच झापलं. माझ्या हातचं खाऊन मोठं झालेलं पोर आहे ते, आणि त्याला काय कळतंय मराठी? तेव्हा उभं राहून ओरडायला हवं होतं. माझा आवाज सगळा हॉल गप्प करतो. मी बसून राहिले.

"आता निवांत," वेद म्हणाला. "एकदम निवांत. खाली."

हळू चेंडू टाकताना पिचरचा हात तेवढ्याच वेगाने फिरतो, फक्त चेंडू रेंगाळत येतो. त्यात सगळी गंमत असते. समोरचा फसतो, आधीच बॅट फिरवून बसतो, सीझनभर सगळे फसले होते. अवधूत हलला नाही. त्याचा पुढचा पाय जमिनीवर तसाच होता, लांबून ओळखीची बस येताना दिसावी तसा तो उभा होता. चेंडू जवळ आला, खाली गेला, आणि मग त्याने बॅट फिरवली. चेंडू डाव्या कुंपणावरून झाडांत गेला आणि तिथले पक्षी उडाले. होमरन: दुसऱ्या बेसवरच्याचा एक रन आणि त्याचा एक, सामना त्यांचा.

पर्थवाले सगळे डगआउटमधल्या बाकांवरून धावत सुटले आणि त्याच्यावर जाऊन पडले. वेदने मास्क काढला आणि कुंपणाकडे बघत उभा राहिला. मग तो लंगडत गेला आणि रांगेत उभं राहून सगळ्यांशी हात मिळवले. अवधूतशीही. अवधूतने त्याला मिठी मारली, वेदने मारू दिली.

मी खाली गेले तेव्हा वेद बाकावर गुडघ्याला बर्फ लावून एकटाच बसला होता. निनाद आत पाण्याखाली डोकं धरून उभा होता. मी तोंड उघडायच्या आत वेद म्हणाला की मला माहीत आहे, मी अवधूतचा पाय बघितला. मी अवधूतला नको नको ते बोलायला लागले. नमकहराम हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द होता. वेदने मला थांबवलं. त्या चेंडूचं काही नाही गं, म्हणाला, आम्ही मैदानात ओरडत होतो, त्याने ऐकलं, दॅट्स बेसबॉल, मीही ऐकलं असतं. मग त्याने बर्फाची पिशवी गुडघ्यावर घट्ट दाबली.

"पण गुडघा मी तुला सांगितला होता, आई," तो म्हणाला. "टीमला नाही. तुला."

त्याने पुढे विचारलं की त्याची शाळेतली मैत्रीण मायरा त्याला सोडून गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून काय काय बोलला होता, आठवतं का? मला आठवलं. अवधूत तेव्हा टेबलाच्या टोकाला गणितं सोडवत होता. आणि एकदा आठवायला लागल्यावर थांबेना. माझे वडील गेले त्या रात्री मी विलासला जे जे बोलले ते. विलास आणि मी वेगळं व्हायचं ठरवत होतो तो पूर्ण हिवाळा. वीणा आणि राजीवच्या संसाराबद्दल माझी जी काही मतं होती, तीही त्याच्याच समोर, भाजी निवडता निवडता. आमच्या घरात एक पोर कान उघडे ठेवून बसलं होतं आणि आम्ही त्याला भिंत समजून सगळं बोलत आलो. मला चारचौघांत उघडं पडल्यासारखं झालं. काल संध्याकाळी त्याने आम्ही काय बोलतोय असं हसत विचारलं होतं. ते त्याचं हसू मला राहून राहून डोळ्यांपुढे येत होतं. सामना हरलो त्याचं एवढं लागलं नाही जेवढं ते लागलं.

विलास वेदची बॅग घेऊन पुढे गेला. मी कार पार्कमध्ये गाडीशी पोचले तर अवधूत तिथे उभा होता. गळ्यात मेडल, शर्ट शॅम्पेनने चिकट झालेला.

"मावशी, जरा थांबतेस का?" तो म्हणाला. "मला तुझ्याशी बोलायचंय."

स्वच्छ मराठी. नुसतं मराठी नव्हे, माझं मराठी. बोलण्याआधी मी जो श्वास घेते तोसुद्धा. इतकी वर्षं ज्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते त्याच्या तोंडात तयार होतं आणि त्याने ते मला एकदाही दिलं नव्हतं.

"मला सगळं कळायचं, पहिल्यापासून," तो म्हणाला. "बोललो असतो तर तुम्ही माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतं. मग त्या घरात मी पाहुणाच राहिलो असतो. आईबाबा तिकडे लांब, इथे घरात काय चाललंय ते मला तेवढ्यानेच कळायचं. गुडघ्याचं मी आमच्या कोचला सांगायला नको होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण मला जिंकायचं होतं गं, मावशी."

त्याचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, मी त्याला लहानपणापासून रडताना बघितलेलं आहे. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी त्याला जवळ घेतलं असतं. पण त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर मला वेदचा आवाज ऐकू येत होता, टेबलावर, मीठ मागावं तशा सुरात. मी बँकेच्या माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलले.

"वेल प्लेड, अवधूत. कॉन्ग्रॅच्युलेशन्स. हॅव अ सेफ फ्लाइट."

"मावशी, असं नको ना. मराठीत बोल माझ्याशी. शिव्या दे हवं तर."

लांबून वेद विलासच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत येत होता. मी त्याच्यासाठी गाडीचं मागचं दार उघडलं, त्याला पाय लांब करून बसता यावं म्हणून.

"एक्स्क्यूज मी," मी म्हटलं. "आय हॅव टू टेक माय सन होम."

अवधूत बाजूला झाला. इंग्रजी त्याला पहिल्यापासूनच चांगलं येतं.